मत कुणाला टाकलं, वैनी?

"ओ वैनी, मत टाकलं का तुमी?"

"कशाचं मत, अक्का?"

"पुस्तकाचं ओ. मास्तरीणबाईंनी ग्रुपवर पाच नावं टाकलीत. आज रात्री नऊपर्यंत सांगा म्हणायल्या."

"टाकलं की सकाळीच."

"कुणाला?"

"मत गुप्त असतं, अक्का."

"कशाचं गुप्त! खाली 'मते पहा' म्हणून येतं. त्यावर बोट ठेवलं की सगळ्यांची नावं उघडी. तुमी 'आलोक'ला टाकलंय. मी बघितलंय."

"मग विचारता कामून?"

"तुमच्या तोंडून ऐकावं म्हणून."

सोनपेठात आमच्या आणि अक्कांच्या घरामधली भिंत छातीएवढी आहे. तिच्या उंचीवर दोन्ही घरांचं एकमत आहे. याहून उंच केली तर बोलायची पंचाईत, ठेंगणी केली तर बकऱ्या येतात. आषाढ संपत आलेला, सोयाबीनची खुरपणी उरकलेली, म्हणून दुपारी थोडी सवड होती. अक्का भिंतीवर सूप ठेवून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या आणि मोबाइल दाण्यांच्या शेजारी उताणा पडलेला होता.

"नर्सबाईनं काय केलं ठाव आहे का? पाचीच्या पाची पुस्तकाला मत दिलं."

"पाचही?"

"हाव. म्हणे कुणाला वाईट वाटू नये. मी म्हणलं, बाई, ज्यांनी लिवली ते काय ग्रुपवर बसलेत का रुसायला?"

यात नर्सबाईंचा दोष नव्हता. व्हॉट्सॲपवर मत मागवताना एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा आधीपासूनच चालू असते. ती आपण बंद करायची असते. मास्तरीणबाई विसरल्या. त्यामुळं ग्रुपातली माणसं मोजली तर एवढीशी आणि मतं त्याच्या दुप्पट.

"पंचायतीला असं झालं असतं तर तहसीलदार आला असता गाडी घेऊन," अक्का म्हणाल्या. "अन् आघाडीवर कोण? 'मृत्युंजय'. दर बारीला 'मृत्युंजय'."

"चांगलं आहे की ते."

"वाईट कोण म्हणायलंय? १९६७ चं पुस्तक. ज्यानं वाचलं नाई त्यानंबी नाव ऐकलेलं. यादी आली की माणूस ओळखीच्या नावावर बोट ठेवतो. अन् आपले तलाठीअण्णा! रिटायर झाल्यापासून कर्णाच्या मागं लागलेत. कामून, सांगू? त्यांचं आधीच वाचून झालंय. वाचलेलंच निवडलं की मत मांडायला नव्यानं वाचावं लागत नाई."

हा ग्रुप निघाला तो भिशीतून. गल्लीतल्या बायकांची भिशी जुनी. दर महिन्याला पैसे जमायचे, चिठ्ठी निघायची, कुणाचा कुकर यायचा, कुणाच्या पैंजणाला घुंगरू लागायचे. मास्तरीणबाईंनी एकदा सुचवलं की मोठी भिशी तशीच राहू द्या, शेजारी शंभर-शंभराची एक छोटी काढू, पुस्तकाची. सगळ्यांनी मिळून एक पुस्तक निवडायचं आणि त्याच्या दोन प्रती आणायच्या. जिची चिठ्ठी निघेल तिला पहिली पाळी. सगळ्यांचं वाचून झालं की पुस्तक कायमचं तिच्या घरी. दुसरी प्रत शाळेच्या कपाटात. मग नवरे आले, एक-दोन कॉलेजची पोरं आली, तलाठीअण्णा आले. बायकांचा ग्रुप आहे हे अण्णांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

"वाचतं कोण अन् कोण नाई, मला पुस्तक बघून कळतं," अक्कांनी शेंग फोडली. "मागल्या महिन्याचं 'स्मृतिचित्रे' माझ्याकडं सगळ्यांच्या शेवटी आलं. एका ठिकाणापर्यंत हरेक पानाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट. पुढं सगळी पानं कोरी. आता अशी हळद कुणाच्या घरी, हे मला सांगावं लागंल का? अन् ग्रुपवर तिनं काय लिवलं? 'संपूर्ण पुस्तक एका बैठकीत वाचून काढले.' बैठक झाली खरी, पण वांग्याच्या भाजीची."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही ना?"

"तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?"

म्हणजे आता गल्लीच्या त्या टोकाला पोचलं असणार.

अक्कांच्या सासरी श्रावणात पोथी लागायची, त्याची आठवण त्यांना पुस्तकाचा विषय निघाला की येतेच. महिना-पंधरा दिवस आधी मारुतीच्या पारावर बैठक बसायची ती औंदा कोणती पोथी लावायची यासाठी. एक गट 'हरिविजय' म्हणायचा, दुसरा 'पांडवप्रताप'. श्रीधरस्वामींनी १७०२ मध्ये 'हरिविजय' लिहिला, लगेच १७०३ मध्ये 'रामविजय' आणि १७१२ मध्ये 'पांडवप्रताप'. मराठी गावांना पिढ्यान् पिढ्या पुरतील एवढ्या श्रावणांची सोय त्यांनी करून ठेवली.

"तीनच नावं, फिरून फिरून तीच," अक्का म्हणाल्या. "तरी भांडणं काय कमी व्हायची? एका वर्षी दोन भाऊबंद पोथीवरनं बोलंनासे झाले. पण एकदा लागली की समदे येऊन बसायचे. एकजण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. मपली सासू, अक्षराला अक्षर ओळखत नव्हती. पण द्रौपदीवर तिचं मत होतं. सकाळी पाण्याला गेली की ती मत मांडायची. धर्मराजाला तिनं कधी माफ केलं नाई. आमचे सासरे बाजारात पैसे उधळून आले की घरात एवढंच म्हणायची, 'आलं का धर्मराज खेळून?'"

मी म्हटलं, तेव्हाही ग्रुपच होता म्हणायचा.

"होता की. त्यातनं बाहेर पडायची सोय तेवढी नव्हती."

बाहेर पडण्याची गोष्ट अक्कांनी उगाच काढली नव्हती. मेडिकलवाल्यांच्या सुनेनं ग्रुपवर एक आख्खी कादंबरी पीडीएफ करून टाकली होती. दोन प्रतींची वाट कोण बघत बसणार, घ्या सगळ्यांनी, असा सरळ हिशोब. मास्तरीणबाईंनी ती उडवली आणि खाली लिहिलं की ही चोरी आहे. त्या शब्दावर सून रुसली आणि पाच मिनिटांत ग्रुप सोडून गेली. सासूबाई मात्र ग्रुपातच राहिल्या. घरात त्यामुळं काय झालं असेल ते अक्कांना तपशिलासह ठाऊक होतं, आणि ते मी इथं लिहीत नाही.

"पण वैनी, चोरी कशी ओ ती? तिनं काय पुस्तक पळवलं का? सगळ्यांना फुकट वाटलं."

मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. आपल्याकडं लेखक हयात असेपर्यंत आणि तो गेल्यानंतर पुढली साठ वर्षं पुस्तकावर त्याचा आणि त्याच्या वारसांचा हक्क असतो. साठ वर्षं मोजायची ती तो गेला त्याच्या पुढच्या एक जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. म्हणून २०११ उजाडल्यापासून 'श्यामची आई' सगळ्यांची झाली. कुणीही छापावी, कुणीही वाटावी. म्हणूनच ती बसस्टँडवरसुद्धा स्वस्तात मिळते. रा. रं. बोराडे फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले, तर त्यांच्या 'पाचोळा'वरचा हक्क २०८५ सालाच्या अखेरपर्यंत घरच्यांचा.

"साठ वर्षं वारसाला? अन् तलाठ्याकडं खेटे न घालता?"

"खेटे नाहीत."

"मग सातबाऱ्यापेक्षा बरंच आहे की. आमच्या सासऱ्याच्या नावाची नोंद लागायला..." त्यांनी आवाज खाली आणला, कारण रस्त्यावरून तलाठीअण्णा पिशवी घेऊन चालले होते. अण्णांनी दुरून हात केला. अक्कांनी भरघोस हसून पदर सावरला.

सुनेला परत आणायची युक्ती मास्तरीणबाईंनीच काढली. तिला फोन करून म्हणाल्या, तू पीडीएफ शोधण्यात पटाईत आहेस, तर ज्यांची साठ वर्षं उलटलीत त्यांचीच शोधून दे. सून दुसऱ्या दिवशी परत आली आणि येताना बी. रघुनाथांना घेऊन आली. सातोन्यात १९१३ मध्ये जन्मलेला, परभणीत सरकारी नोकरी करत लिहिणारा कवी आणि कादंबरीकार. ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीत काम करता करताच गेला, वय चाळीस. म्हणजे २०१४ पासून तोही सगळ्यांचा. ग्रुपातल्या निम्म्या लोकांना आपल्या मुलखात असा लेखक होऊन गेला हे रुसव्यामुळं कळलं. यादीत या वेळी त्यांची 'आडगावचे चौधरी' आली ती त्यामुळंच.

"कचेरीत काम करता करता," अक्का पुन्हा म्हणाल्या आणि अण्णा गेले त्या दिशेला बघितलं. पुढं काही बोलल्या नाहीत. एवढा संयम त्यांना फार क्वचित जमतो.

अण्णांचं म्हणाल तर ते एकदाच मनापासून लिहितात, जुना काळ निघाला की. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागायची, 'गश्ती ५३' म्हणतात त्या फर्मानामुळं. मग माणसं जमणार कुठं? कीर्तनात, तालमीत, नाहीतर वाचनालयात. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ चं. शाळा-कचेरीत उर्दूचा अंमल असताना तिथं मराठी पुस्तक मागायला जाणं हेच पुरेसं बोलणं होतं, असं अण्णांनी लिहिलं होतं. त्यावर अकरा जणांनी हात जोडले आणि अक्कांनीही जोडले. "आख्खं नाई वाचलं," त्या मला म्हणाल्या, "पण खालचं वाक्य चांगलं होतं."

मग गाडी 'स्मृतिचित्रे'वर आली. ती येणारच होती. मागचा सगळा महिना गल्ली लक्ष्मीबाई टिळकांच्या घरात राहायला गेली होती. सोवळ्याचं वेड लागलेले वडील, न सांगता घरातून निघून जाणारा नवरा, १८९५ मध्ये त्यानं ख्रिस्ती होणं, मागं राहिलेल्या बाईचे हाल, आणि शेवटी पाचेक वर्षांनी तिनंही त्याच वाटेनं जाणं. एवढं सगळं होऊनही सांगणारी हसत हसत सांगते.

"ग्रुपवर दोन तट पडले," अक्का म्हणाल्या. "अर्धे म्हणायले, एवढा मोठा माणूस, देवासाठी गेला, तिनं समजून घेतलं ते बरं केलं. बाप्यांनी तर समद्यांनी तेच लिवलं. मी लिवलं, जा की बाबा, पण सांगून जायला काय झालं होतं? त्यावर अण्णांनी लिवलं की महापुरुष सांगून जात नसतात. मी म्हणलं, महापुरुषाचा डबा कोण झाकून ठेवायलंय रातभर?"

"ते वाचलं मी. छान लिहिलं होतं."

"पण वैनी, टाकीजवळच्या त्यांनी काय केलं, ऐकलं का तुमी?"

मी ऐकलं होतं. त्यांचे यजमान पुण्याला कंपनीत. दिवाळीला येतात, कधी तेही नाही. ग्रुपवर त्या कधी लिहीत नाहीत. कुणी काही टाकलं की एक अंगठा, बस. त्या दिवशी रात्री साडेदहाला त्यांचा आवाज आला. रेकॉर्ड केलेला, दोन मिनिटांचा. मागं भांड्यांचा आवाज. त्या म्हणाल्या, लक्ष्मीबाई परत त्यांच्याकडं गेल्या हे मला नाही पटलं. माणूस न सांगता जातो, तेव्हा तो एकदा जात नाही, रोज जातो. मुलगा विचारतो तेव्हा जातो, दुकानदार उधारी विचारतो तेव्हा जातो. मी असते तर गेले नसते. मग थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग म्हणाल्या, पुस्तक मात्र चांगलं आहे.

"एकानंबी उत्तर दिलं नाई," अक्का म्हणाल्या. "अण्णांनीसुदा नाई. समद्यांनी ऐकलं, समद्यांना कळलं, अन् समदे गप. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडं शेंगा घेऊन गेले. तिथं तिघी आधीच बसल्या होत्या. कुणी विरजण मागायला, कुणी कायतरी द्यायला. कुणी त्यांच्या मालकाचं नाव काढलं नाई. लक्ष्मीबाईचंच बोलत बसलो दुपारपर्यंत."

त्यांनी सूप पाखडलं, टरफलं उडाली.

"या भिंतीवर आपण त्यांचं घर कितींदा काढलं असंल, वैनी? मालक येतो का, पैसे धाडतो का, तिकडं दुसरं घर आहे का. त्यांच्या तोंडावर एकदाबी नाई. कसं काढणार? पुस्तक मधी होतं म्हणून त्यांना बोलता आलं अन् आपल्याला ऐकता."

मला यावर काही सुचलं नाही, आणि अक्कांना माझं गप्प बसणं सहन होत नाही.

"तुमी काय लिवलं होतं? 'लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी थक्क करते.' ते तर पुस्तकाच्या मागच्या पानावरबी लिवलेलं असतं. तुमच्या घरातलं कायबी बाहेर पडू दिलं नाई तुमी."

"आमच्या घरात काही नाहीच, अक्का."

"असं लक्ष्मीबाई नाई म्हणल्या."

विषय बदलावा म्हणून मी भाचीचं सांगितलं. ती दुबईला असते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांनी भरलेली पेटी वाचकांच्या एका गटाकडं द्यायची, गटानं आपसांत वाचायची, मग ती दुसऱ्या गटाची पेटी घेऊन बदलायची. लोकांनी वाढदिवसाला वगैरे देणगी द्यावी आणि त्यातून पेट्या वाढाव्यात अशी सोय. ती पेटी पार दुबईपर्यंत गेली. आणि भिलारचं तर अक्कांनी टीव्हीवर पाहिलेलंच होतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव, मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजार पुस्तकं. कुणाच्याही ओसरीवर बसा आणि वाचा.

"दुबईला पेटी जाती," अक्का म्हणाल्या, "अन् सोनपेठला दोन पुस्तकं यायला आठ दिवस."

तेही खरं. पुण्याहून मागवायचं तर टपालखर्च पुस्तकाच्या उरावर बसतो. पुस्तकांसाठी स्वस्तातलं रजिस्टर बुकपोस्ट होतं, ते डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. मग आमची पुस्तकं माणसांबरोबर येतात. कुणी परभणीला दवाखान्यात गेलं, कुणी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला, कुणाचा पोरगा संभाजीनगरहून सुट्टीला आला, की पिशवीत औषध, प्रसाद आणि वर भिशीचं पुस्तक. एसटीत ते निम्मं वाचूनच होतं, ही त्यातली मेख. आणणाऱ्याला चिठ्ठी न काढता पहिली पाळी मिळते.

"बरं, ते असू द्या. तुमी 'आलोक'ला कामून टाकलं?"

"आसाराम लोमटे आपल्या परभणीचे. २०१६ चा साहित्य अकादमी मिळालाय त्या कथांना. गावातलं राजकारण, शेती, आपलंच सगळं. आपल्या जिल्ह्याचं पुस्तक आपण नाही वाचायचं तर कुणी?"

"बराबर आहे. पण मत बदला."

"काय?"

"बदलता येतं त्यात. आधीचं काढायचं, दुसऱ्यावर बोट ठेवायचं. 'पाचोळा'ला टाका. पुढल्या महिन्यात मपलं मत 'आलोक'ला, अन् अजून दोन मतं मी आणून देते. नर्सबाईचं तर झालंच म्हणा, तिची पाची ठिकाणी आहेत, चार काढायला सांगितलीत."

म्हणजे सकाळपासून शेंगा फोडणं एवढंच चाललेलं नव्हतं.

"'पाचोळा'च कामून, अक्का? तुम्ही वाचलंय ना ते?"

"वाचलंय म्हणून तर. १९७१ चं आहे, पण कालचं वाटतं. शिंप्याची बायको सांगती समदं, आपल्यासारखंच बोलती. पयल्यांदा वाचलं तव्हा मला वाटलं, असं बोललेलं छापत्यात व्हय? आपण शाळेत असं बोललो की छडी मिळायची."

"अण्णांवर टीका केलीत वाचलेलं पुस्तक निवडतात म्हणून, आणि तुम्ही?"

"मला नाई वाचायचं परत." अक्कांनी मागं वळून घराकडं बघितलं. ओसरीवर त्यांचे मालक खाटेवर पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले होते. अक्का भिंतीवरून पुढं झुकल्या. "त्यातला शिंपी. ताठा सोडत नाई. घर बसत आलं तरी मपलंच खरं. चाळीस वर्षं झाली, मी यांना सांगायले, अहो, जरा नमतं घ्या. थोरल्याशी अबोला धरलाय बांधावरनं, तिसरं वर्ष लागलं. मी सांगितलं की म्हणतात, तुला काय कळतं. पण ग्रुपनं निवडलेलं पुस्तक असलं की वाचतात. वाचावंच लागतं, नाईतर अण्णा विचारतात, 'आपला अभिप्राय आला नाही.'"

"आणि वाचून त्यांना कळेल म्हणता?"

"कळलं तरी मला सांगतील व्हय!"

मी मोबाइल काढला. 'आलोक'वरचं बोट उचललं आणि 'पाचोळा'वर ठेवलं. अक्कांच्या सुपातला मोबाइल लगेच किणकिणला नाही, तरी त्यांनी उचलून बघितलाच.

"झालं. आता मेडिकलवाल्यांच्या घरची सासू तेवढी राहिली. तिची सून ज्याला टाकंल त्याच्या उलट ती टाकती. सुनेला 'मृत्युंजय'ला टाकायला लावलंय."

"अक्का, समजा 'पाचोळा' आलं, वाचलं त्यांनी. काय लिहितील ग्रुपवर?"

अक्कांनी क्षणभर विचार केला. नवऱ्याला चाळीस वर्षं वाचलेल्या बाईला फार वेळ लागत नाही.

"लिवतील, 'शिंपी जरा जास्तच हट्टी होता.'" त्यांनी दाणे पदरात ओतले. "तेवढं जरी लिवलं, तरी मपले शंभर रुपये वसूल."